पऱ्हाटीचा ढीग आणि घरातला कापूस

प्रश्न : आमचे बिऱ्हाड चोपडा तालुक्यात, गावापासून दूर मळ्यातच आहे. चुलीसाठी दरवर्षी घरामागे पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, रचून ठेवतो. त्या ढिगामुळे आपल्या कपाशीवर बोंडअळी येते, असे शेजारचे भाऊबंद म्हणतात, तर वाळलेल्या काडीत अळी कशी जगेल, असे सासूबाई विचारतात. भाव वाढेल या आशेने ठेवलेला कापूस आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली तरी पुढच्या खोलीत पडून आहे आणि मुलांच्या अंगाला खाज सुटते. काय करावे? — एक वाचक भगिनी, जि. जळगाव

उत्तर : ताई, सासूबाईंची शंका रास्त आहे, पण भाऊबंदांचे म्हणणेही खोटे नाही. गुलाबी बोंडअळीचा ठिकाणा काडी नसून काडीला चिकटून राहिलेले, नीट न उमललेले कवडी बोंड हा असतो. असे एखादे बोंड फोडून पाहा. आत दोन सरक्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या दिसल्या, तर त्या नखाने अलगद सोडवा. मधल्या पोकळीत गुलाबी पट्ट्यांची अळी अंग आखडून बसलेली बहुधा सापडेल. ती काहीही न खाता उन्हाळा सुप्तावस्थेत काढते, पावसाळी हवा लागली की कोषात जाते आणि नव्या कपाशीला पात्या (कळ्या) आणि फुले धरू लागतात त्याच सुमारास तिचा पतंग बाहेर पडतो.

तरीही सगळा दोष तुमच्या ढिगावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. 2017 साली महाराष्ट्रात या अळीने कपाशीचे अतोनात नुकसान केले, त्यामागे बीटी वाणांत अळी मारण्यासाठी घातलेल्या विषाला अळी सरावल्याचे आणि पाण्याच्या सोयीमुळे मार्च-एप्रिलपर्यंत लांबवलेल्या फरदडीचे, म्हणजे वेचणी संपल्यावरही राखलेल्या जुन्या कपाशीचे, मोठे कारण होते. म्हणून भाऊबंदांशी बोलताना त्यांच्या फरदडीचाही विषय काढा. डिसेंबर-जानेवारीत पीक संपवून शिवार पाच-सहा महिने कपाशीविना राहिले, तरच अळीची साखळी तुटते, आणि हे एका घराचे काम नव्हे.

ढिगाचे काम मात्र पावसाआधी उरकाच. मुलांना लांब ठेवून, भर उजेडात, पायांत बूट घालून आणि हाताऐवजी लांब काठीने वरचा थर आधी उचला, कारण उन्हाळ्यात विंचू आणि फुरसे अशाच सावलीला येतात. बोंडे झोडून वेगळी करा व नष्ट करा. उरलेल्या काड्यांतून पावसापर्यंत लागेल तेवढेच सरपण ठेवून बाकीच्यांचा यंत्राने भुगा करून खतात घाला. पुढल्या वर्षीपासून चुलीसाठी तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांत ही अळी राहत नाही.

खोलीतल्या कापसाबद्दल तुमची अडचण मी जाणतो, कारण वर्षभराच्या कष्टाचा पैसा त्याच ढिगात अडकलेला असतो. परंतु साठवलेल्या कापसातली धूळ आणि बारीक किडे अंगाला लागून खाज सुटते, आणि लेकरे त्याच खोलीत निजत असतील तर ती थांबणार नाही. कापूस लगेच विकणे जमत नसेल, तर तो निदान राहत्या घराबाहेर, कोरड्या बंद खोलीत हलवा, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा आणि खाज राहिलीच तर मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. त्या कापसातल्या सरकीतही अळी असू शकते, त्यामुळे कापूस ठेवाल तिथे एक कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारा) टांगून दर दोन-तीन दिवसांनी त्यातले पतंग काढून नष्ट करत जा.