जेम्स बाँड : हेर, गुप्तहेर की आणखी कोणी?

एका वाचकाचा प्रश्न आहे : वर्तमानपत्रे जेम्स बाँडला ‘गुप्तहेर’ म्हणतात आणि शेरलॉक होम्सलाही ‘गुप्तहेर’च म्हणतात. दोघांची कामे तर अगदी वेगळी. मग बाँडसाठी नेमका शब्द कोणता?

होम्सचा निकाल लगेच लावता येतो. तो घडलेल्या गुन्ह्याचा माग काढतो, म्हणजे तपास करतो. त्याला खासगी तपासनीस म्हणावे. रहस्यकथांमुळे ‘गुप्तहेर’ हा शब्द डिटेक्टिव्हच्या अंगाला चिकटला आणि मग तो दोन्हीकडे चालू लागला. सरकारी मराठीने मात्र हा घोळ केलेला नाही. महाराष्ट्रात ‘गुन्हे अन्वेषण विभाग’ वेगळा आणि ‘राज्य गुप्तवार्ता विभाग’ वेगळा. एक गुन्ह्याच्या मागे जातो, दुसरा बातमी काढतो. सरकारी परिभाषेला आपण एरवी नावे ठेवतो, पण इथे तिने रोजच्या भाषेपेक्षा जास्त काटेकोरपणा दाखवला आहे.

आता ‘हेर’. तो ‘हेरणे’ या क्रियापदाशी बांधलेला आहे. पाकीटमार गर्दीत सावज हेरतो, गोलंदाज फलंदाजाचा कच्चा दुवा हेरतो. हेर म्हणजे परक्या गोटात नजर ठेवून बातमी आणणारा माणूस. बातमी पोचली की त्याचे काम झाले. लपून राहणे त्यात आलेच, त्यामुळे ‘हेर’ला ‘गुप्त’ जोडायची खरे तर गरज नाही. मराठेशाहीत याच कामासाठी ‘जासूद’ आणि ‘नजरबाज’ हे शब्द होते. जासूद पत्रेही पोचवत असे. बहिर्जी नाईकांची ख्याती आहे ती अशाच बातम्यांसाठी. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी तिथली खडान्‌खडा माहिती त्यांनी आणली, असे आपण शाळेपासून वाचतो.

या कसोटीवर बाँड उतरतो का? इयान फ्लेमिंगच्या मूळ कादंबऱ्या वाचल्या तर नाही म्हणावे लागते. पहिली कादंबरी ‘कसिनो रोयाल’, १९५३ ची. तीत बाँडला कुठली बातमी आणायला पाठवलेलेच नाही. ल शिफ्र नावाचा शत्रुपक्षाचा माणूस जुगारात पैसे लावतो आहे, त्याला बॅकरा या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलावर कफल्लक करायचे, एवढीच कामगिरी. शिवाय बाँड बहुतेक ठिकाणी स्वतःचे खरे नाव सांगतो. बहिर्जी नाईकांनी असे केले असते तर पहिल्याच मुक्कामावर पकडले गेले असते.

मग तो ‘००७’ कशामुळे झाला? हे चित्रपटांतून फारसे कळत नाही, पण पहिल्याच कादंबरीत बाँड स्वतः सांगतो. त्याने दोन माणसे मारली म्हणून त्याला दोन शून्ये मिळाली. पहिला न्यूयॉर्कमधला जपानी सांकेतिक लिपीतज्ज्ञ. हा रॉकफेलर सेंटरच्या इमारतीत छत्तिसाव्या मजल्यावर बसत असे आणि त्याच्या खिडकीची काच जाड होती. समोरच्या इमारतीतून बाँडच्या साथीदाराने क्षणभर आधी गोळी झाडली, ती फक्त काचेला भोक पाडण्यासाठी. त्या भोकातून बाँडची गोळी आत गेली. दुसरा स्टॉकहोममधला, दोन्हीकडे काम करणारा नॉर्वेजियन. त्याला बाँडने चाकूने मारले आणि त्याला मरायला वेळ लागला. हे सांगताना बाँडला त्याचा अभिमान वाटत नाही. उलट हा धंदा सोडावा की काय, असे त्याच्या मनात घोळत असते. तर दोन शून्ये ही हेरगिरीची खूण नाही, ती ठार मारण्याच्या परवान्याची खूण आहे.

जॉन ल कॅरे स्वतः गुप्तचर खात्यात काम केलेला लेखक. बाँड हेर आहे असे त्यालाही वाटत नव्हते. हा आंतरराष्ट्रीय गुंड आहे, अशा अर्थाचे तो १९६६ मध्ये मुलाखतीत बोलला होता.

मला वाटते, आपल्याकडे या माणसासाठी फार जुना आणि चपखल शब्द आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात गूढपुरुषांचे, म्हणजे राजासाठी छुपेपणाने काम करणाऱ्या माणसांचे, नऊ प्रकार दिले आहेत. पाच एका जागी ठाण मांडून बसणारे : कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस. यातला तापस तर वाचण्यासारखा आहे. त्याने नगराजवळ शिष्यांचा मेळा घेऊन राहावे, महिन्या-दोन महिन्यांनी लोकांसमोर भाजी किंवा मूठभर जव खावेत, आणि गुपचूप हवे ते जेवावे! वैदेहक म्हणजे व्यापाऱ्याच्या रूपातला. बाँडचे खातेही ‘युनिव्हर्सल एक्स्पोर्ट’ या निर्यात कंपनीच्या पडद्याआड चालते. उरलेले चार फिरते : सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी. रसद म्हणजे विष देणारा. आणि तीक्ष्ण म्हणजे जिवावर उदार झालेला शूर, जो पैशासाठी हत्तीशी किंवा हिंस्र श्वापदाशीही झुंजेल. शत्रूला शस्त्राने संपवण्याचे काम या तीक्ष्णाकडे. बातमी काढणारा आणि मारणारा या दोघांना कौटिल्याने वेगवेगळी नावे दिली, आणि आपण मात्र दोघांना ‘गुप्तहेर’च्या एकाच पोत्यात कोंबले आहे.

गंमत अशी की खुद्द फ्लेमिंगने बाँडचे वर्णन ‘बोथट हत्यार’ असे केले होते. सरकारी खात्याने उचलावे आणि हाणावे असे हत्यार. कौटिल्य तीक्ष्ण म्हणतो, फ्लेमिंग बोथट म्हणतो, पण दोघांच्याही डोळ्यांसमोर हत्यारच आहे, डोळे-कान नाहीत.

अर्थात आजच्या बातमीत ‘तीक्ष्ण जेम्स बाँड’ लिहिले तर वाचक त्याला विशेषण समजेल. म्हणून व्यवहारात ‘गुप्तचर अधिकारी’ लिहावे. ‘एजंट’ टाळावा, कारण गुप्तचर खात्यांच्या बोलीत एजंट म्हणजे बाहेरचा, खात्याला माहिती पुरवणारा माणूस. आपल्या पोलिसांच्या भाषेत खबऱ्या. बाँड पगारी नोकर आहे. १९५५ च्या ‘मूनरेकर’मध्ये त्याचा पगारच दिला आहे, वर्षाला १५०० पौंड. तिथेच कळते की कामगिरीवर तो वर्षातून दोन-तीनदाच जातो. बाकीचे दिवस कचेरीत फायली वाचण्यात जातात, आणि पंचेचाळिशीला दोन शून्यांच्या यादीतून नाव निघते. अशा माणसाला ‘अधिकारी’ हा शब्द शोभतो.

‘हेर’ हा शब्द बाँडला खऱ्या अर्थाने लागू पडेल अशी वेळ एकदा येते, ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या १९६४ च्या कादंबरीत. पत्नीच्या खुनानंतर तो खचला आहे, कामे बिघडवतो आहे. वरिष्ठ त्याची दोन शून्ये काढून घेतात, ७७७७ हा नवा क्रमांक देतात आणि जपानला पाठवतात. जपान्यांनी सोव्हिएत संदेश उलगडले आहेत, ते त्यांच्याकडून मिळवायचे. इथे मारामारी नाही, निव्वळ बातमी. पण जपानी गुप्तचर प्रमुख टायगर तानाका त्याबदल्यात त्याच्याकडे एका माणसाचा जीव मागतो.