हायरोग्लिफ एकावर एक कसे रचायचे?

प्रश्न थोडक्यात असा: 'प्ताह' या प्राचीन इजिप्तच्या देवाचं नाव हायरोग्लिफमध्ये (तिथल्या चित्रलिपीत) वेबसाइटवर टाकलं, तर काहींना नुसते चौकोन दिसतात. ज्यांना चिन्हं दिसतात त्यांना ती एका ओळीत दिसतात, शिलालेखासारखी एकावर एक नाही.

चौकोन दिसले म्हणजे फाँट नाही. 'नोटो सान्स इजिप्शियन हायरोग्लिफ्स' साइटसोबतच द्या. प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र डेटाबेस बघा. मायएसक्यूएल या डेटाबेसची जुनी 'यूटीएफ८' अक्षरपद्धत एका अक्षराला तीनच बाइट देते. देवनागरी अक्षर तीन बाइटांत मावतं, म्हणून मराठी मजकूर बिनबोभाट चालतो आणि शंका येत नाही. हायरोग्लिफला चार लागतात. टेबल आणि कनेक्शन दोन्ही 'यूटीएफ८एमबी४' करा, मग एखादा इमोजी सेव्ह करून बघा. तोही सहसा चार बाइटांचाच, तो टिकला तर हायरोग्लिफही टिकेल.

आता रचना. युनिकोड (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक) ५.२ मध्ये (२००९) १०७१ चिन्हं आली, पण ती कशी मांडायची हे सांगायची सोय १२.० पर्यंत (२०१९) नव्हती. ही सोय आपल्या हलन्तासारखी आहे: क आणि ष यांच्यात हलन्त आला की फाँट 'क्ष' काढतो. इथे १३४३० हा कोड दोन चिन्हं वरखाली बसवतो, १३४३१ शेजारी. (हे आकडे हेक्साडेसिमल आहेत.)

'प्ताह'साठी क्रम असा: स्टूल (गार्डिनरच्या हायरोग्लिफ-यादीत क्यू३), मग १३४३०, मग पाव (एक्स१), शेवटी पिळलेली वात (व्ही२८). स्टूलखाली पाव बसतो आणि वात शेजारी पूर्ण उंचीने उभी राहते. वाचायचा क्रम तोच टायपायचा क्रम. मूळ लेख उजवीकडून वाचायचा असला तरी हाच.

एवढं करूनही चिन्हं ओळीतच राहिली तर मजकूर चुकलेला नाही, फाँटमध्ये रचनेचे नियम नाहीत. 'इजिप्शियन टेक्स्ट' फाँट लावून बघा. स्पेस किंवा सीएसएसने आकार जुळवू नका, शोध आणि कॉपी दोन्ही बिघडतात.

नुसती छपाई करायची असेल तर युनिकोडच्या फंदात न पडता जेसेश हा हायरोग्लिफ लिहायचा प्रोग्रॅम वापरा. तिथे 'मान्युएल द कोडाज' पद्धतीने क्यू३:एक्स१-व्ही२८ असं (रोमन अक्षरांत) लिहिलं की चित्र तयार. विसर्गचिन्हासारखं दिसतं ते वरखाली, तारांकन शेजारी, आडवी रेघ पुढचा गट.

१६.० मध्ये (२०२४) आणखी ३९९५ चिन्हं आली आहेत. त्यातलं एखादं हवं असेल तर आधी फाँटमध्ये आकृती आहे का ते तपासा, नाहीतर पुन्हा चौकोन.