बॉण्ड संपतोय म्हणून मॅटर्निटी लीव्ह कापता येते का?

नमस्कार डॉक्टर,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सरकारी मेडिकल कॉलेजात पीजीनंतरच्या बॉण्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या वर्षात, तुम्ही एसआर (सीनियर रेसिडेंट) आहात, पोस्टिंग 31 जुलैला संपतंय, डिलिव्हरीची तारीख 18 ऑगस्ट, पहिलं बाळ, आणि रजा 10 जुलैपासून हवीये. आस्थापना शाखा म्हणते 31 पर्यंतचे 22 दिवस पगारी देतो, पुढे तुम्ही आमच्या नाहीच. वर एक छापील कागद पुढे केलाय, ‘स्वेच्छेने बिनपगारी रजा घेत आहे’ असा.

आधी हे ऐका, त्या कागदावर सही करू नका. आणि कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी राजीनामाही देऊ नका, कारण ‘स्वेच्छेने’ हा शब्द तुमच्या सहीनिशी फाईलला लागला की पुढे कोर्टात तोच तुमच्यासमोर धरतात आणि मग आपला अर्धा वेळ ती स्वेच्छा नव्हती हे सांगण्यातच जातो.

आता हक्काचं. अगदी तुमच्यासारखीच केस सुप्रीम कोर्टात झालेली आहे, डॉ. कविता यादव, दिल्लीतल्या जनकपुरी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये कॉन्ट्रॅक्टवर सीनियर रेसिडेंट. त्यांची मुदत 11 जून 2017 ला संपत होती, रजा मागितली 1 जूनपासून, हॉस्पिटलने 11 दिवस दिले आणि हात वर केले. खालच्या दोन्ही ठिकाणी त्या हरल्या बरं का, पण ऑगस्ट 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अट पूर्ण केलेली असेल तर हा लाभ कॉन्ट्रॅक्टच्या मुदतीच्या पलीकडेही जातो, पूर्ण 26 आठवड्यांचे पैसे द्या. तो निकाल 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यावरचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतलीये, तिथे कलम 60 मध्ये तेच 26 आठवडे आणि तीच अट आहे: डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम. तुम्ही ऑगस्टपासून रोज ड्युटी करताय, 80 दिवस केव्हाच होऊन गेले.

म्हणजे 10 जुलैपासून 182 दिवस धरा, 7 जानेवारीपर्यंत पैसे मिळायला हवेत. रक्कम निघते रजेच्या आधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांच्या सरासरीवर, म्हणजे तुमच्या बाबतीत एप्रिल, मे, जून. या तिन्ही महिन्यांच्या पगार स्लिपा आत्ताच काढून ठेवा, नंतर त्या मागायला गेलं की क्लार्क रजेवर असतो.

अर्ज लेखी द्या आणि रजेवर जाण्याआधी द्या. डीनच्या नावाने, एचओडी म्हणजे विभागप्रमुखांमार्फत, सोबत सोनोग्राफी रिपोर्ट आणि नेमणुकीची ऑर्डर, आणि आवक शिक्क्याची पोच हातात घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. व्हॉट्सॲपवर एचओडींनी ‘ओके’ म्हटलंय हे छान आहे, पण ती पोच नव्हे. एक प्रत वैद्यकीय शिक्षण खात्याला पाठवा. लेखी नकार आला किंवा नुसतंच गप्प बसले तर पुढचा रस्ता हायकोर्ट की मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) हे तुमच्या ऑर्डरवर कुणाची सही आहे आणि नेमणूक कशी दाखवलीये ते बघून ठरेल, ऑर्डरचा फोटो पाठवा. मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, तुमच्या युनिटलाही सांगून ठेवा, बरेचदा पाच रेसिडेंट डीनसमोर जाऊन उभे राहिले की फाईल जरा लवकर हलते.

नाईट ड्युटीबद्दल विचारलंत. अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे सुरू होण्यापूर्वीचा जो एक महिना, त्यात आणि पुढे रजा सुरू होईपर्यंत तुम्ही मागणी केलीत तर दमवणारं किंवा तासन् तास उभं राहायचं काम तुम्हाला देता येत नाही. तुमच्या हिशेबाने हे 7 जूनपासून लागू होतं. पण मागणी तुम्ही करायची, आपसूक कोणी ड्युटी बदलणार नाही, गायनॅकवालेसुद्धा नाही!

राहिला बॉण्ड. पैसे आणि बॉण्डची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ऑफिस मुद्दाम एकत्र करतंय. 31 जुलैनंतरची रजा बॉण्डच्या वर्षात पडतच नाही, त्यामुळे ती ‘भरून द्या’ असं म्हणण्यात अर्थ नाही. वाद झालाच तर आधीच्या 22 दिवसांचा होईल, त्यासाठी बॉण्डच्या करारातलं रजेचं कलम बघावं लागेल. अगदीच अडून बसले तर ते 22 दिवस जानेवारीत करून द्यायची तयारी दाखवा, पण लेखी. बॉण्ड मोडल्याच्या 50 लाखांच्या दंडाची भीती घालून कोणी आत्ता काही लिहून मागत असेल तर ते तसंच लेखी द्या म्हणावं, शक्यतो देत नाहीत.

तुमच्या ज्युनियर मैत्रिणीचं, म्हणजे जेआर-टूचं (पीजीच्या दुसऱ्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटचं), थोडं वेगळं आहे. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) 2023 च्या पीजी नियमांत मॅटर्निटी लीव्ह सरकारी नियमांप्रमाणे मिळते, पण 80 टक्के हजेरीची अटही आहे, त्यामुळे तिची टर्म पुढे जाऊ शकते आणि परीक्षाही. तिने रजेच्या अर्जातच वाढीव मुदतीचा स्टायपेंड मिळेल का हे लेखी विचारून घ्यावं.