न्यायाधीशाचं भाषण आधी काप

अगं मुली,

चित्रपट फसलेलाच आहे. तुझं काही बघायचं राहून गेलेलं नाही आणि न्यूयॉर्क माहीत नसल्याचाही काही संबंध नाही. दिग्दर्शक ब्रायन डी पाल्माचे ‘स्कारफेस’ आणि ‘द अनटचेबल्स’ पाठ असलेली तू त्याचाच ‘द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज’ बघतेस आणि मला विचारतेस, “सर, एवढा मोठा माणूस, मग मला हसू का आलं नाही? त्याला वाईट म्हणायचा मला अधिकार आहे का?” पहिला प्रश्न चांगला आहे. दुसऱ्याचा मला राग आला. तू त्या माणसाला दोन तास पाच मिनिटं दिलीस. अधिकार तिथेच मिळाला.

याच मेलला तू तुझ्या शॉर्ट फिल्मचा नवा मसुदा जोडला आहेस. ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत, 24 फ्लॅट, रिडेव्हलपमेंटची सभा. तो वाचला आणि कपाळावर हात मारला. डी पाल्माच्या चित्रपटाला जो रोग आहे, तोच तुझ्या शेवटच्या चार पानांना आहे. म्हणून दोन्हींवर एकदमच लिहितो.

आधी त्याचं. टॉम वुल्फची कादंबरी 1987 ची, चित्रपट डिसेंबर 1990 चा. खर्च सुमारे 4 कोटी 70 लाख डॉलर, आणि अमेरिकेतली कमाई दीड कोटीच्या आसपास. गोष्ट तू बघितलीच आहेस: वॉल स्ट्रीटवरचा मस्तवाल बाँड ट्रेडर, त्याची मैत्रीण, चुकलेलं वळण, ब्राँक्स, मर्सिडीज, धडक लागलेला काळा मुलगा. मग वकील, पत्रकार, निवडणुकीवर डोळा ठेवून बसलेला सरकारी वकील आणि चर्चचा पुढारी, सगळे आपापली पोळी भाजायला येतात. कादंबरीत यातला एकही माणूस धुतल्या तांदळासारखा नाही. ती चालते त्याचं कारण हेच.

उपहासात सूट नसते. हे वाक्य तुला या पत्रात पुन्हा पुन्हा भेटेल, कंटाळू नकोस. ज्याच्यावर हसायचं ठरवलं त्याला मध्येच “तसा तो चांगला आहे हो” म्हणून सोडून दिलं, की पुढचा प्रत्येक विनोद पोरका होतो. प्रेक्षकाला कळेनासं होतं की हसायचं का हळहळायचं, आणि तो मोबाइल काढतो.

या चित्रपटात पहिली सूट भूमिकांच्या निवडीतच दिली गेली. तो बाँड ट्रेडर, शर्मन मकॉय, हा स्वतःला विश्वाचा मालक समजणारा माणूस. त्याच्या जागी टॉम हँक्स. ‘बिग’ 1988 मध्ये येऊन गेलेला, अख्खी अमेरिका त्याच्यावर माया करत होती. उत्तम नट, प्रश्न त्याचा नाही. पण त्या चेहऱ्याकडे बघताना तो पडावा असं कोणाला वाटेल? नायक ‘आवडला पाहिजे’ ही निर्मात्यांची नेहमीची भीती. उपहासात नायक आवडायची गरज नसते. तो ओळखीचा वाटला तरी भागतं.

दुसरी सूट पत्रकाराला. पीटर फॅलो कादंबरीत इंग्रज आहे, फुकट्या, दारुडा, अमेरिकन माणसांना मनातून तुच्छ लेखणारा. चित्रपटात तो ब्रूस विलिस झाला, अमेरिकन झाला आणि वर निवेदक झाला. निवेदन करणारा माणूस आपोआप शहाणा ठरतो, हे लक्षात ठेव. ज्याला लाज वाटायला हवी त्याच्या हातात माइक दिला, तर तो स्वतःची लाज विनोदी करून सांगतो आणि सुटतो. तुझ्या मसुद्यात व्हॉइसओव्हर कोणाचा आहे? तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारखाच झब्बा घालणाऱ्या मुलीचा. तिच्याकडे मी नंतर येतो.

तिसरी सूट सगळ्यात महाग पडली: न्यायाधीश. कादंबरीत तो ज्यू आहे, तिखट तोंडाचा. भूमिकेसाठी अ‍ॅलन आर्किन ठरला होता. मग धास्ती वाटली की गोरा आरोपी, काळा बळी, काळा धर्मगुरू असं चित्र वंशद्वेषी दिसेल. म्हणून मॉर्गन फ्रीमन आला आणि शेवटी कोर्टात उभं राहून सभ्यपणावर भाषण देऊन गेला. फ्रीमन भाषण झकास देतो, तेवढ्यापुरतं सभागृह शांतही होत असेल. पण ज्या क्षणी एक माणूस सगळ्यांच्या वर उभा राहून खरं-खोटं सांगतो, त्या क्षणी उपहास संपतो आणि कीर्तनातलं निरूपण सुरू होतं. कादंबरीतल्या प्रामाणिक न्यायाधीशालाही वुल्फ सोडत नाही. त्या प्रामाणिकपणापायी त्याचं पद जातं. पत्रकाराला मात्र पुलित्झर मिळतं. जखमी मुलगा मरतो आणि शर्मनवर पुन्हा खटला उभा राहतो, खिशात दमडी नसताना. चित्रपट याच्या अलीकडेच थांबतो. मैत्रिणीचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड झालेल्या टेपबद्दल नायक कोर्टात खोटं बोलतो, सुटतो, आणि आपण खूश व्हावं अशी अपेक्षा असते. मिरच्या वेचून काढायच्या आणि वर ठेचा म्हणून वाढायचं!

तू विचारलंस, “पण तो पहिला शॉट?” हो, तो शॉट अफलातून आहे. जवळजवळ पाच मिनिटं न कापता, इमारतीच्या तळघरातून वर समारंभापर्यंत, झिंगलेल्या फॅलोच्या मागे-पुढे स्टेडीकॅम, म्हणजे अंगावर बांधून हादरे न बसता चालवायचा कॅमेरा. कॅमेऱ्यावर व्हिल्मोस झिगमंडसारखा माणूस. कसब कमी पडलं म्हणून चित्रपट पडला असं कोणी म्हणू शकत नाही. उलट कसब जास्त झालं. खालून लावलेली रुंद लेन्स, फुगलेले चेहरे, वाकड्या भिंती. कॅमेराच आधी हसून मोकळा होतो, मग प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. हास्यचित्र काढायचं असेल तर माणसाच्या वागण्याचं काढ, नाकाचं नको.

आता कागद घे आणि तोच चित्रपट पुन्हा बघ. चार रकाने पाड: दृश्य, मिनिटं, कोणावर हसतोय, त्याचं काय गेलं. चौथा रकाना महत्त्वाचा. पैसा जाईल, अब्रू जाईल, झोप, पार्किंग, काहीही, पण काहीतरी गेलं पाहिजे. सलग तीन दृश्यांत तो कोरा राहिला तर तिथे चित्रपट झोपला आहे, विनोद कितीही असोत. मग आवाज बंद करून मधली वीस मिनिटं बघ. संगीत गेल्यावर जे दृश्य गंभीर वाटायला लागेल, तिथे विनोद लिहिलेला नव्हता, वाजवलेला होता. शेवटी ‘जाने भी दो यारों’ला हेच रकाने लाव. 1983 चा चित्रपट, एनएफडीसीचे, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळाचे, सुमारे सात लाख रुपये. बिल्डर, आयुक्त आणि संपादक बाई, सगळे एका ताटात जेवतात, आणि पूल पडल्याचा दोष त्या दोन बापड्या फोटोग्राफरांच्या गळ्यात. कैद्याच्या कपड्यांत ते रस्त्यावरून चालतात आणि आपल्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवतात. दिग्दर्शक कुंदन शाहनी आपल्या लाडक्या नायकांनाही सोडलं नाही. चौथा रकाना भरून वाहतो.

आता तुझी सोसायटी. विषय सोन्यासारखा आहे आणि तू त्यातलं सोनं बाहेरच ठेवलं आहेस. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालचा, रिडेव्हलपमेंटबद्दलचा 2019 चा शासन आदेश एकदा बसून वाच, विनोदी लेखकासाठीच लिहिलाय असं वाटेल. विकासक निवडायच्या सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती, म्हणजे तुझ्या 24 मधले 16. संमती एकूण सभासदांच्या 51 टक्क्यांची, म्हणजे 12.24, म्हणजे 13. उपनिबंधकांचा प्रतिनिधी हजर हवा आणि सभेचं चित्रीकरण व्हायला हवं. अगं, नियमानेच तुझ्या सभेत कॅमेरा ठेवलाय आणि तू तो वापरत नाहीस! चित्रीकरण चालू असताना सगळे जिल्हाधिकारी असल्यासारखे बोलतात. बॅटरी बदलायला तो बंद झाला की खरं बोलतात. एवढ्यावर सहा मिनिटं निघतात.

आणि तेरावी सही. बारा सह्या झाल्या आहेत. तेराव्या माणसाची किंमत काय, यावर सगळी फिल्म उभी कर. प्रत्येकाची किंमत वेगळी आणि नेमकी हवी. “लालची” हा शब्द पटकथेत कुठेही दिसता कामा नये. तळमजल्यावरच्या दुकानदाराला रस्त्याकडेचा गाळा हवा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना बांधकाम होईपर्यंत विकासकाकडून मिळणारं भाडं हवं, पण मुलाच्या खात्यात नको, स्वतःच्या. खजिनदाराला कॉर्पस, म्हणजे विकासकाने द्यायची ठोक रक्कम, वाढवून हवा, कारण जुन्या लिफ्टच्या हिशेबात एक भोक आहे. तत्त्वासाठी विरोध करणारे काका? त्यांना दोन पार्किंग हवीत. तू त्यांना शेवटपर्यंत तत्त्वाचेच ठेवलंस. का? सूट दिलीस. ते तुला तुझ्या आजोबांसारखे वाटले असतील, कळतं मला. आजोबांवर लेख लिही वेगळा.

सेक्रेटरीचं शेवटचं भाषण, “आपण भिंती नाही, माणसं जपली पाहिजेत” वगैरे, पूर्ण काप. तो तुझा मॉर्गन फ्रीमन आहे. त्याच्या जागी इतिवृत्त वाचून दाखव. सभेत खुर्च्या आपटल्या जात असताना वर शांत आवाजात: “ठराव क्रमांक सात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.” एवढं पुरे. आपल्या सोसायट्यांच्या इतिवृत्तांइतकं कोरडं आणि खोटं गद्य शोधून मिळणार नाही. ते तसंच ठेव, त्यात कोट्या घालू नकोस.

आता ती मुलगी. तुझी निवेदक. तिला सगळं दिसतं, ती कोणात नसते, शेवटी गच्चीवर एकटी उभी असते. बाई गं, ती मेली आहे. तुझ्या फिल्ममध्ये ज्याची काहीच किंमत नाही असं ते एकच पात्र आहे, आणि ते तू आहेस. तिलाही नवीन इमारतीत स्वतःची खोली हवी असणार. आत्ता ती हॉलमध्ये दिवाणावर झोपते, हे तूच पान दोनवर लिहिलं आहेस. मग तेरावी सही तिच्या आईची असू दे, आणि ती करायला आईला तीच भरीला पाडू दे. व्हॉइसओव्हर काढ. तुझी फिल्म त्या दिवशी उभी राहील. तुला हे आवडणार नाही. नको आवडू दे.

शूटिंगचं थोडक्यात सांगतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, 35 किंवा 50 मिमीची लेन्स, जमेल तिथे सगळी सभा एका फ्रेममध्ये, म्हणजे बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांचे चेहरे दिसतील. हॉलमधल्या जुन्या ट्यूबलाइट लुकलुकतात, म्हणून शटर 1/50 सेकंद. पंखे बंद करून 30 सेकंद नुसता हॉलचा आवाज घे, एडिटिंगला लागतोच. नटांना सांग, कोणीही विनोदी बोलायचं नाही, प्रत्येकाला आपलं बरोबर आहे असंच वाटतंय. एडिटिंग करताना हशाच्या वाक्यानंतर लगेच कापू नकोस. निदान 12 फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, समोरच्याचा चेहरा राहू दे. पार्श्वसंगीतात टुणटुण वाजलं तर मला दाखवायला आणू नकोस.

राहिला तुझा आदराचा प्रश्न. ज्युली सॅलमन या पत्रकार बाईला डी पाल्माने निर्मितीच्या काळात सेटवर वावरू दिलं. 1991 मध्ये तिचं ‘द डेव्हिल्स कँडी’ आलं, आणि चित्रपट कसकसा बिघडत गेला हे त्यात जगाने वाचलं. त्या माणसाने स्वतःसाठी पडदा मागितला नाही, मग तू का त्याच्यासाठी धरतेस? पुढे ‘कार्लिटोज वे’ केला, ‘मिशन: इम्पॉसिबल’ केला. एका वाईट चित्रपटाने तो संपला नाही आणि तुझ्या परीक्षणानेही संपणार नाही. लिही. फक्त “अपेक्षाभंग” हा शब्द न वापरता लिही. कुठलं दृश्य, कितव्या मिनिटाला, कोणाला सूट दिली, एवढंच.

आपल्याकडे हे होत नाही याची मला फार खंत आहे. गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर सगळे “छान झाला प्रयोग” म्हणतात आणि खरं काय ते स्टेशनच्या रिक्षात बसल्यावर बोलतात. मोठ्या नावांना आमच्या पिढीने इतकी वर्षं सांभाळून घेतलं की त्यातल्या कित्येकांना आपलं काम कधी घसरलं हे कळलंच नाही. हा आदर नव्हे, टाळाटाळ आहे. माझ्याबद्दल तुमच्या ग्रुपमध्ये काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. सर शेवटचं पान वाचतच नाहीत, सरळ काट मारतात. वाचतो. वाचूनच काट मारतो, कारण माणूस थकलेला असतो तो शेवटच्या पानावर, आणि थकलेला माणूस सगळ्यांना माफ करत सुटतो. मला कडवट म्हणा, माझी हरकत नाही. पण सूट मागू नका.

नवा मसुदा बारा पानांच्या वर जाऊ देऊ नकोस. आधी फक्त तेराव्या सहीचं दृश्य लिहून पाठव, आई आणि मुलगी, स्वयंपाकघर, दोन पानं. दोघींपैकी कोणीही रडायचं नाही. आणि सोबत तो चार रकान्यांचा कागद जोड, डी पाल्माचा नको, तुझ्या स्वतःच्या फिल्मचा.

तुझा,
सर