पुस्तकांवर पहिल्यांदा लिहिताय? एवढं सांभाळा

अरे लिही की बिनधास्त! फक्त पुस्तक संपल्यावर दोन दिवसांच्या आत लिही, नंतर डोक्यात नुसतं 'छान होतं' एवढंच उरतं. नवीन असताना हमखास होणाऱ्या चुका:

- अख्खी गोष्ट सांगत बसणं. मी एकदा खुनी कोण ते पहिल्याच ओळीत लिहून भरपूर शिव्या खाल्ल्यात.
- 'अप्रतिम', 'खिळवून ठेवणारं' वगैरे. त्यापेक्षा कुठल्या पानावर थांबून परत मागे गेलास ते सांग ना, समासात पेन्सिलने बारीक टिंब देत वाचलंस की ते बरोब्बर सापडतं.

आणि नॉनफिक्शनला कादंबरीची फूटपट्टी लावू नकोस, तिथे मुद्दा काय, पुरावा काय दिलाय, शेवटी संदर्भसूची आहे का ते बघ. अर्धवट सोडलेल्यावरही लिही, कितव्या पानावर सोडलं ते मात्र लपवू नकोस. स्टार-बिर देणं नंतर बघू.