स्टेट ट्रेझरर: अर्थमंत्री नव्हे, खजिनदार

तुम्ही विचारलंय की 2024 ला पेनसिल्व्हेनियात नागरिक म्हणून पहिलंच मतदान केलंत, राष्ट्राध्यक्षापासून सगळं भरलंत, पण ‘स्टेट ट्रेझरर’खालची नावं ओळखीची नसल्यामुळे तो रकाना कोरा सोडलात. त्याने मतपत्रिका बाद झाली का, आणि हे पद म्हणजे आपल्याकडचा अर्थमंत्रीच ना?

बाद झाली नाही. तेवढं एक मत गेलं, बाकीची मोजली गेली.

अर्थमंत्री मात्र नव्हे. इथे अर्थसंकल्प गव्हर्नर मांडतो, विधिमंडळ मंजूर करतं, कर महसूल खातं गोळा करतं. ट्रेझररच्या हाती राहते तिजोरी: पडून असलेला पैसा गुंतवायचा आणि खात्यांकडून आलेली बिलं तपासून मगच रक्कम सोडायची. मी दोन वर्षं आमच्या मंडळाचा खजिनदार होतो. गणपतीच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन, ढोलवाल्यांचा चेक आत्ताच फाड, बिल नंतर येईल. मी म्हटलं, बिल आल्याशिवाय सही नाही. पुढचे सहा महिने ते माझ्याशी धड बोलले नाहीत. ट्रेझररचं काम बरंचसं असंच आहे, फक्त शून्यं वाढवा.

2025 मध्ये हे नीट दिसलं. अर्थसंकल्प 30 जूनपर्यंत व्हायला हवा, तो मंजूर व्हायला 12 नोव्हेंबर उजाडला. तिजोरीत पैसा होता, पण विधिमंडळाची मंजुरी नाही म्हणजे बरीचशी देणी अडकली. तेव्हा ट्रेझरर स्टेसी गॅरिटी यांनी काउंट्या (म्हणजे जिल्हे) आणि गरीब घरच्या मुलांसाठीच्या हेड स्टार्ट बालवाड्यांना 50 कोटी डॉलरपर्यंत कर्जाऊ द्यायची तयारी दाखवली.

एडिसनच्या तुमच्या भावाला हे विचारू नका, त्याने हा रकाना कधी पाहिलेलाच नसणार. न्यू जर्सीत ट्रेझरर गव्हर्नर नेमतो. टेक्सासमध्ये तर मार्था व्हाइटहेड ‘निवडून द्या, मी हे पदच बंद करते’ म्हणून 1994 ला जिंकल्या, आणि 1996 ला ते खरोखर बंद झालं. मला तो प्रामाणिकपणा आवडतो, पण इथे पद राहावं याच मताचा मी आहे. गव्हर्नरनेच नेमलेला माणूस गव्हर्नरच्या खात्यांची बिलं अडवेल कशाला?

आता मत कोणाला द्यायचं. ते मी सांगणार नाही, पण पक्ष बघून डोळे मिटून देऊ नका एवढं नक्की सांगेन. पूर्वी एकाच खुणेने सगळी मतं एका पक्षाला देता येत. 2019 च्या कायद्याने ते बंद झालं. 2020 ला बायडेन यांनी राज्य जिंकलं, आणि त्याच निवडणुकीत त्यांच्याच पक्षाचे ट्रेझरर जो टॉर्सेला एक टक्क्याहून कमी फरकाने पडले. पैसा, अनुभव, सगळं त्यांच्या बाजूला होतं. जिंकल्या त्या या गॅरिटी, इराकमध्ये सेवा केलेल्या निवृत्त कर्नल. 2024 ला त्या पुन्हा आल्या.

मी स्वतः आधी देणग्या बघतो. उमेदवारांचे हिशेब पेनसिल्व्हेनियाच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटच्या साइटवर असतात. गुंतवणुकीची कामं कोणत्या कंपन्यांना जातील यात ट्रेझररचं वजन असतं, पेन्शन फंडांच्या मंडळांवरही तो बसतो, त्यामुळे देणाऱ्यांना त्याच्यात उगाच रस नसतो. ट्रेझरर असताना रॉब मॅकॉर्ड यांनी गव्हर्नरपदाच्या प्रचारासाठी देणग्या मागताना पदाचा धाक दाखवला, आणि 2015 ला राजीनामा देऊन गुन्हा कबूल केला. त्यांच्या आधी हे पद भूषवलेल्या बार्बरा हेफर यांनी 2017 ला तपास यंत्रणेशी खोटं बोलल्याचं कबूल केलं. एक डेमोक्रॅट, दुसऱ्या रिपब्लिकन म्हणून निवडून आलेल्या.

दुसरं, उमेदवाराला हे काम करायचंय की पुढच्या पायरीवर पाय ठेवायचाय? बॉब केसी 2004 ला ट्रेझरर झाले आणि 2006 ला सिनेटवर निवडून आले. गॅरिटीही गव्हर्नरपदाच्या शर्यतीत उतरल्या. घटनेने एक वाट मात्र बंद ठेवलीय: ट्रेझररला पद सोडल्यावर चार वर्षं ऑडिटर जनरल, म्हणजे राज्याचा हिशेब तपासनीस, होता येत नाही. आपलीच वही आपणच तपासायची, हे नको म्हणून.

तुमची मुलगी 2021 ला इथेच जन्मली असं लिहिलंय. मग तिच्या नावाने कीस्टोन स्कॉलर्समध्ये, म्हणजे पुढच्या शिक्षणासाठीच्या बचत योजनेत, 100 डॉलर गुंतलेले असणार. 1 जानेवारी 2019 पासून राज्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळासाठी ट्रेझरी ते ठेवते. लॉगिन करून बघा. आणि ट्रेझरीच्याच साइटवर अनक्लेम्ड प्रॉपर्टीत (कोणी न मागितलेल्या पैशांच्या यादीत) नाव टाका, तिथे 400 कोटी डॉलरांहून जास्त रक्कम मालकांची वाट बघतेय. आडनावाची सगळी स्पेलिंगं टाका, वडिलांचं नाव आडनाव समजून नोंदलं गेलंय का तेही बघा. माझे 61 डॉलर सापडले ते आडनावात एक ‘एच’ जास्तीचा घुसवून. जुन्या अपार्टमेंटच्या वीजबिलाची अनामत होती. त्या पत्त्याचा पुरावा मागितला, तो अठरा वर्षांपूर्वीच्या बँक स्टेटमेंटवर निघाला. बायको ते खोकं दरवर्षी फेकायला निघते.

2028 ला गॅरिटी उभ्या राहू शकत नाहीत, सलग दोनच मुदती चालतात. म्हणजे खरी चुरस एप्रिलच्या प्रायमरीतच, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतच, सुरू होईल. 2024 ला डेमोक्रॅटिक पक्षाने पाठिंबा दिलेले रायन बिझारो तिथेच एरिन मॅक्लेलंड यांच्याकडून हरले होते. पण इथली प्रायमरी बंद असते, पक्षाची नोंद असल्याशिवाय त्यात मत देता येत नाही. तुमच्या नोंदणीत पक्ष काय लिहिलाय?