साताऱ्यात जुनी तोफ दिसली तर ती कुठली, हे आपलं आपल्याला ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. आधी तोफेला हात लावा. आडव्या कड्या एकाशेजारी एक बसवल्यासारख्या लागल्या तर घडीव लोखंड, म्हणजे देशी लोहारकाम असण्याची शक्यता जास्त. अंग गुळगुळीत असेल तर ओतीव. हिरवट झाक आली असेल तर पितळ किंवा कांस्य.

मग बत्ती द्यायच्या भोकाजवळ बघा. मुकुट आणि खाली ‘जी आर’ (GR) असेल तर राजा जॉर्जच्या काळातली इंग्रजी तोफ. तिथेच 8-2-14 सारखे तीन आकडे कोरलेले असतात. तो नंबर नव्हे, वजन आहे! पहिल्या आकड्याला 112 पौंडांनी गुणायचं, दुसऱ्याला 28 ने, तिसरा सुटे पौंड. म्हणजे 966 पौंड, साधारण 438 किलो. रंगाखाली आकडे बुजले असतील तर तिरपा टॉर्च मारा, पण खरवडू नका, कृपा करून. एकदा गेलेली अक्षरं परत येत नाहीत.

आधुनिक तोफांना नळीचा व्यास बघायचा: बोफोर्स 155 मिमी, भारतीय फील्ड गन 105. रणगाड्यासारखे पट्टे असले तर स्वतःच्या इंजिनावर चालणारी के-9 वज्र असू शकते.

विजापूरला जाऊन 1549 ची मलिक-ए-मैदान तोफ नक्की बघा. तिच्या तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती कोरलाय.